सोन गेला, एझे हुकला! स्पर्सवाल्यांनो, या, बसा, पाणी घ्या

तोफेचा गोळा (धागाकर्ता), २४ ऑगस्ट २०२५

६ ऑगस्टला स्पर्सचा (टॉटनहॅमचा) कर्णधार सोन लॉस एंजेलिसला गेला. ज्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती तो क्रिस्टल पॅलेसचा एझे काल आमच्या आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावर लाल शर्टात हात हलवत उभा होता, आणि त्यानंतर आम्ही लीड्सला पाच मारले. धागा शोकसभेसाठी आहे. कोंबड्याच्या (स्पर्सच्या बोधचिन्हाच्या) सर्व भक्तांना आग्रहाचं निमंत्रण.

फक्त एक अट. चिडवायचं तर माल खरा हवा. व्हॉट्सॲपवर जे फिरतंय ते वाचून आपल्याच बाजूची लाज वाटते. "सोनला फुकट सोडला" म्हणे. २०१५ मध्ये लेव्हरकुसेनकडून सुमारे २ कोटी २० लाख पौंडांना घेतलेला माणूस, ४५४ सामन्यांत १७३ गोल, वय ३३, करारात एकच वर्ष उरलेलं, आणि तरी अमेरिकन लीगचा विक्रम मोडणारी रक्कम आली. बातम्यांत २ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतचा आकडा आहे. या व्यवहारावर हसण्यासारखं काही नाही. हसायचं असेल तर त्याच्या मागे रांगेत कोण उभं होतं त्यावर हसा. कोणीच नव्हतं.

---

लिलीव्हाइट ठाणेकर

आलो. पाणी नको, चहा सांगा.

धागाकर्त्याने कालचा दिवस अर्धाच सांगितला. तुमचा सत्कार समारंभ चालू होता त्याच दिवशी आम्ही इतिहाद मैदानावर मँचेस्टर सिटीला २-० हरवलं. जॉन्सन आणि पालिन्या. सोन नव्हता, एझे नव्हता, मॅडिसनचा गुडघा सोलच्या मैत्रीपूर्ण सामन्यात गेलेला, कुलुसेव्हस्की जायबंदी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

---

गनरगिरी

हो हो, ऑगस्टमध्ये तुमचं रोजच उजाडतं. मे महिन्यात प्रीमियर लीगमध्ये १७ व्या क्रमांकावर अंधार होता ना? ३८ सामन्यांत ३८ गुण.

---

लिलीव्हाइट ठाणेकर

आणि त्याच मे महिन्यात बिल्बाओमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीगचा चषक. उचलला कोणी? सोनने. तुमचा शेवटचा मोठा चषक २०२० चा एफए कप, रिकाम्या वेंब्लीत.

---

हिशोबतपासनीस

दोन्ही बाजूंनी खेळाडू "गेला" हा शब्द सरसकट वापरलाय. जाण्याचे प्रकार वेगवेगळे आणि प्रत्येकावर चिडवण्याची धार वेगळी. नवीन मंडळींसाठी लिहितो.

करार संपून जाणं. डिसेंबर १९९५ च्या बॉस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू जुन्या क्लबला छदाम न देता जाऊ शकतो. शेवटचे सहा महिने उरले की परदेशी क्लबशी आगाऊ करार करता येतो, इंग्लिश क्लबना मात्र हंगाम संपत येईपर्यंत थांबावं लागतं. २४ वर्षांखालचा असेल तर इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागते, त्यावरचा असेल तर काही नाही. क्लबसाठी सगळ्यात वाईट हेच. माणूसही जातो, पैसाही येत नाही.

शेवटच्या वर्षात विकणं. स्पर्सचा गोल करणारा हॅरी केन याच प्रकारातला. २०१८ मध्ये केलेला सहा वर्षांचा करार २०२४ ला संपणार होता. २०२१ मध्ये सिटीला नकार देता आला, कारण तीन वर्षं हातात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये एकच उरलं तेव्हा जर्मनीच्या बायर्न म्युनिकला द्यावाच लागला. सुमारे १० कोटी युरो. शेवटच्या वर्षातल्या तिशीतल्या माणसाची ही किंमत फार चांगली होती.

रिलीज क्लॉज. करारात लिहिलेली रक्कम कोणी दिली की क्लबला नाही म्हणता येत नाही. पण बहुतेक क्लॉजना मुदत असते, आणि ती संपली की भाव पुन्हा विकणाऱ्याच्या मनावर. एझेचं तेच झालं. क्लॉज जिवंत असताना स्पर्सने ते वापरलं नाही. मुदत टळल्यावर पॅलेसशी घासाघीस करत बसले.

---

तोफेचा गोळा

तपासनीस, ही घ्या खरी मेजवानी. जुलैमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गिब्स-व्हाइट. स्पर्सने त्याच्या क्लॉजला हात घातला तर फॉरेस्टने वकिलाची भाषा काढली आणि महिनाअखेर पठ्ठ्याने फॉरेस्टशीच २०२८ पर्यंतचा करार करून टाकला. मग मोर्चा एझेकडे. पॅलेसशी रकमेवर जवळपास जुळलं. २१ तारखेला पॅलेसचा फ्रेड्रिक्स्टाडशी कॉन्फरन्स लीगचा सामना, तो होऊन जाऊ दे, मग बघू, असं चाललेलं. तेवढ्यात इकडे आमच्या हावर्ट्झचा गुडघा दुखावला, आमच्या लोकांनी फोन उचलला आणि तीन दिवसांत विषय संपला. ६ कोटी पौंड अधिक बोनस.

हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय, याचं चित्र आता शाळेच्या पुस्तकात छापायला हरकत नाही.

---

नवखा प्रेक्षक

पण क्लबाक्लबांत ठरलं होतं तर आर्सेनलला मध्ये घुसता कसं आलं? ते बेकायदेशीर नाही का?

---

हिशोबतपासनीस

नाही. क्रम असा: विकणाऱ्या क्लबची परवानगी, रक्कम आणि हप्ते, मग खेळाडूचा पगार-बोनस-वर्षं, मग मेडिकल, मग सह्या, मग लीगकडे नोंदणी. सह्या होईपर्यंत तोंडी "ठरलं" याला काही अर्थ नाही. ज्याचा करार चालू आहे त्या खेळाडूशी त्याच्या क्लबला न विचारता बोलणं नियमात बसत नाही. पण क्लबने दोघांनाही होकार दिला तर खेळाडू मोकळा. एझे मुळात आर्सेनलच्या अकादमीतला, लहानपणापासून त्याच क्लबचा चाहता. दोन्ही दारं उघडी ठेवल्यावर तो कुठल्या दारातून जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बिघडतं ते बहुतेक हप्त्यांवर. पॅलेसला बदली खेळाडू घ्यायचा असतो, त्यांना पैसा लवकर हवा असतो. घेणाऱ्याला तो चार वर्षांत विभागून हवा असतो. जो आधी जास्त रोख टाकतो त्याचं घोडं पुढे जातं, एकूण आकडा सारखाच असला तरी.

---

कोंबडा १८८२

आता आमचं ऐका. एझेला आर्सेनलने तेराव्या वर्षी अकादमीतून फुकट काढला. सत्ताविसाव्या वर्षी ६ कोटी देऊन परत आणला आणि पेढे वाटतायत. केनलाही तुम्हीच लहानपणी काढला होता, लाल शर्टातला त्याचा फोटो आम्ही फ्रेम करून ठेवलाय. पुढे त्याने आमच्यासाठी २८० गोल केले. तुमच्या अकादमीने दाराबाहेर काढलेल्यांचा वेगळा संघ उभा केला तर तो युरोपात खेळेल.

---

गनरगिरी

खेळेलही. चषक जिंकायला मात्र त्यालाही स्पर्स सोडावं लागेल. केनला लागलं तसं.

---

कोंबडा १८८२

हे बरोबर लागलं. मानलं.

पण बायर्नची गंमत विसरू नका. केनची घोषणा झाली त्याच दिवशी जर्मन सुपर कपमध्ये लाइपझिगने बायर्नला ३-० झोडपलं, आणि २०१२ नंतर पहिल्यांदा तो हंगाम बायर्नने कोरडा काढला. ते हसू तुमचं एकट्याचं नव्हतं, आम्हीही चोरून हसलो.

---

बाहेरचा बघ्या

केनच्या पैशातून लेटन ओरिएंट या छोट्या क्लबला काही मिळालं असं वाचलं होतं. खरं की सोशल मीडियावरचं?

---

हिशोबतपासनीस

खरं असणारच, नियमच तसा आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांना जातात. हिशोब बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून तेविसाव्याच्या हंगामापर्यंत, एकूण १२ हंगाम. पहिल्या चार हंगामांचे प्रत्येकी ०.२५ टक्के, पुढच्या आठांचे प्रत्येकी ०.५ टक्के. बेरीज ५.

उसना खेळत असतानाचा काळ उसना घेणाऱ्या क्लबच्या खात्यात पडतो. केन २०११ मध्ये जानेवारीपासून मेपर्यंत ओरिएंटला होता. नंतर मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर. १० कोटी युरो धरले तर पूर्ण हंगामाचे ५ लाख, अर्ध्याचे अडीच लाख. बायर्नसाठी चिल्लर. खालच्या लीगमधल्या क्लबला मात्र तेवढ्यात एखाद्या खेळाडूचा पगार निघतो.

आणि कोंबडा १८८२, तुमच्यासाठी खास: केन स्पर्सकडे आला तेव्हा अकराचा होता. म्हणजे बाराव्या वर्षापासूनची मोजणी सुरू झाली तेव्हा आर्सेनल चित्रात नव्हतं. त्यांचा वाटा शून्य.

एझेच्या बाबतीत हा नियम लागत नाही, कारण विक्री इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये आणि प्रशिक्षणही सगळं तिथलंच. तिथे त्याच्या आधीच्या क्लबने, क्यूपीआरने, पॅलेसला विकताना पुढच्या विक्रीत हिस्सा लिहून घेतला होता. असा हिस्सा बहुतेक वेळा नफ्यावर असतो, एकूण रकमेवर नाही. करार वाचताना लोक इथेच फसतात.

---

कोंबडा १८८२

शून्य! मोठ्या अक्षरात छापून दाराला लावतो.

---

लाल पक्षी, नाशिक

लिव्हरपूलवाला आहे, घर जळलेलं ताजं आहे, तरी बोलतो. आमचा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्ड. अकादमीतला, शहरातला, करार ३० जून २०२५ पर्यंत. रेआल माद्रिदने क्लब वर्ल्ड कपसाठी थोडं आधी सोडा म्हणून थोडीफार रक्कम दिली तेवढीच. एव्हर्टनवाल्यांनी आमची जी चेष्टा केली ती योग्य होती. त्यांचा रूनी युनायटेडला गेला त्यावरून आम्ही त्यांना २००४ पासून पिडतोय. पण रूनीचे त्यांना अडीच कोटी पौंडांच्या वर आले होते हे ते विसरत नाहीत.

स्पर्सवाल्यांना एक विचारायचंय. बेल रेआलला गेला आणि ८ कोटी ५३ लाख पौंड आले तेव्हा त्यात सात जण घेतले. कुटिन्हो बार्सिलोनाला गेला त्या पैशात आम्ही दोघं घेतले. फरक कशामुळे पडला?

---

लिलीव्हाइट ठाणेकर

जखमेवर बोट ठेवलंत. पाउलिन्हो, शाडली, सोल्दादो, कापू, किरिकेश, लामेला, एरिक्सन. २०१३ चा उन्हाळा. चुका सांगतो, आमचे आम्हीच बरे.

एक, बेलची जागा एका माणसाची होती आणि आम्ही ती सातांत वाटली. त्याच्यासारखा धावत आत येऊन लांबून मारणारा त्यांतला एकही नव्हता. सोल्दादो हा बॉक्समध्ये पास मिळाला तर गोल करणारा माणूस, आणि त्याला पास देणारा गेलेला. पेनल्टीवर गोल करत राहिला बिचारा.

दोन, सातही जण दुसऱ्या देशांतल्या लीगमधून एकाच वेळी आले. एकाला रुळायला सहा महिने लागतात. सातांना एकत्र टाकलं की कोण कोणाला सांभाळणार? डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर लिव्हरपूलने पाच मारले आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक व्हिलास-बोआस घरी.

तीन, वेळ. बेलचा सौदा १ सप्टेंबरला जाहीर झाला पण तो जाणार हे सगळा उन्हाळा गावभर माहीत होतं. तुमच्याकडे पैसा येतोय हे विकणाऱ्याला कळलं की प्रत्येक भावावर लाखो पौंड चढतात. लिव्हरपूलने व्हॅन डायक २०१७ च्या डिसेंबरअखेर ठरवून टाकला, कुटिन्हो त्यानंतर जानेवारीत गेला. आणि घेतलं काय? कुटिन्होसारखा दुसरा नाही घेतला. मधला बचावपटू, मग उन्हाळ्यात गोलकीपर आलिसॉन. गेलेल्या माणसाची नक्कल शोधण्यापेक्षा जिथून पाणी गळतंय ती जागा बुजवली.

सातांतला एरिक्सन मात्र सोनं निघाला. लामेलाचं काय म्हणावं... मार्च २०२१ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर रबोनाने (एका पायामागून दुसरा पाय फिरवून मारलेल्या फटक्याने) गोल, वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा पुस्कास पुरस्कार.

---

तोफेचा गोळा

आणि त्याच सामन्यात लाल कार्ड, आणि सामना आम्ही २-१ जिंकलो. वाक्य पूर्ण करत चला.

बेलच्या सौद्याचा शेवटचा हप्ताही सांगायचा राहिला. रेआलकडे बेल आला म्हणून ओझिल नकोसा झाला. बेल जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबर २०१३ ला, ओझिल आर्सेनलमध्ये. म्हणजे तुमचा तारा गेला आणि त्याच धक्क्याने आमच्याकडे एक आला. आभार मानायचे राहून गेले होते.

---

कोंबडा १८८२

आता २०११ काढू का? १५ ऑगस्टला फाब्रेगास बार्सिलोनाला, २४ ऑगस्टला नासरी सिटीला, आणि २८ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडकडून ८-२. मग शेवटच्या दिवसांत झोळी घेऊन बाजारात. आर्टेटा, मेर्तेसाकर, सांतोस, पार्क, बेनायून. बैल गेला नि झोपा केला.

---

गनरगिरी

त्याच २८ ऑगस्टला तुम्ही घरच्या मैदानावर सिटीकडून ५-१ खाल्ले होते. जेकोचे चार. आणि नासरीचा सिटीकडून पहिला सामना तोच. आमचा गेलेला खेळाडू पहिल्यांदा तुम्हालाच धुवायला आला.

शिवाय त्या झोळीतला आर्टेटा आज आमचा प्रशिक्षक म्हणून डगआउटमध्ये उभा आहे.

---

कोंबडा १८८२

तुमचा व्हॅन पर्सी मग. २०११-१२ ला लीगमध्ये ३० गोल, करारात एक वर्ष बाकी, २ कोटी ४० लाखांना युनायटेडला. पुढच्या हंगामात २६ गोल, युनायटेड विजेते, आणि एप्रिल २०१३ मध्ये एमिरेट्सवर तुमच्या खेळाडूंनी दोन रांगा करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यात त्याने पेनल्टीवर गोलही मारला. यावर काही?

---

तोफेचा गोळा

यावर काही नाही. दारं लावून घेतो.

(सोल कॅम्पबेल हे दोन शब्द मात्र लिहून जातो. जुलै २००१, करार संपलेला, एक पौंड न देता. पत्रकार गोलकीपर राइटची घोषणा ऐकायला आले होते आणि दारातून तुमचा कर्णधार आत आला. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप. २५ एप्रिल २००४ ला तुमच्याच व्हाइट हार्ट लेनवर २-२ करून लीग जिंकली, तेव्हाही तो मैदानात होता.)

---

लिलीव्हाइट ठाणेकर

येणार हे माहीत होतं. उलट रस्त्याने आलेले आमचे दोघे घ्या. गॅलस २०१० मध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये एमिरेट्सवर आमचा कर्णधार म्हणून उतरला. २-० मागे असताना ३-२ जिंकलो. दुसरा आदेबायोर...

---

गनरगिरी

आदेबायोर! नोव्हेंबर २०१२. दहाव्या मिनिटाला गोल, अठराव्या मिनिटाला लाल कार्ड, निकाल ५-२ आमच्या बाजूने. इतका प्रामाणिक गुप्तहेर परत मिळायचा नाही.

---

लिलीव्हाइट ठाणेकर

नाव घ्यायलाच नको होतं.

बरं, धाग्याच्या वरच्या अटीप्रमाणे एक खरा आकडा देतो, कारण "केन गेला, आता गोल कोण करणार" हे दोन वर्षं ऐकतोय. केनचा शेवटचा हंगाम, २०२२-२३: त्याचे एकट्याचे ३० गोल, संघाचे ७०, गुण ६०, क्रमांक आठवा. केनशिवायचा पहिला हंगाम: संघाचे ७४, गुण ६६, क्रमांक पाचवा. सोन १७, रिचार्लिसन ११, बाकीचे वाटून. पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी.

मग बिघडलं कुठे? ६ नोव्हेंबर २०२३, चेल्सी. दोन लाल कार्डं, आणि त्याच सामन्यात मॅडिसन आणि व्हॅन डे व्हेन जखमी. तेव्हाच्या प्रशिक्षकाची, पोस्तेकोग्लूची, बचावफळी मध्यरेषेजवळ उभी असायची. मागे पळून चेंडू गाठणारा व्हॅन डे व्हेन नसेल तर तीच खेळी आत्महत्या. १७ वा क्रमांक आला तोही जखमींच्या यादीमुळे आणि शेवटी सगळा जोर युरोपा लीगवर लावल्यामुळे. केनच्या जाण्याने आमचे गोल आटले नाहीत. एक-एक गुण ओढून आणणारा माणूस गेला, ते वेगळं.

---

हिशोबतपासनीस

याला जोडून ताळेबंद. केन अकादमीतला, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य आणि आलेली अख्खी रक्कम नफा. सोनची २०१५ ची किंमत हप्त्या-हप्त्याने कधीच संपलेली, म्हणजे तीही पूर्ण नफा. उलट घेताना समजा ६ कोटी पौंड आणि चार वर्षांचा करार, तर वहीत दरवर्षी दीड कोटीच लागतात. प्रीमियर लीगमध्ये आता ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांची, करार आठ वर्षांचा केला तरी. २०२५-२६ च्या नियमाप्रमाणे तीन हंगामांत मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या आत ठेवायचा असल्याने घरचा तारा विकणं क्लबांना फार गोड लागतं. चाहते रडतात, खजिनदार हसतो.

---

नवखा प्रेक्षक, ३० ऑगस्ट

लाइपझिगचा झावी सिमॉन्स आला स्पर्सकडे. मग आता चिडवणं बंद?

---

गनरगिरी

आमच्याकडून उरलेला दुसरा पसंतीक्रम. अभिनंदन.

---

तोफेचा गोळा, २४ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय. कारण सांगायची गरज आहे का?

आर्सेनल ४, स्पर्स १. त्रोसारने सुरुवात केली, बाकीचे तीनही एझेचे. मध्यंतराआधी एक, मध्यंतरानंतर लोक जागेवर बसायच्या आत दुसरा, सव्वा तास झाल्यावर तिसरा. नॉर्थ लंडन डर्बीत हॅटट्रिक १९७८ मधल्या ॲलन संडरलंडनंतर पहिल्यांदाच.

---

गनरगिरी

क्लॉजची मुदत कधी संपली होती म्हणालात, तपासनीस? परत एकदा सांगा, ऐकायला गोड वाटतं.

---

कोंबडा १८८२

रिचार्लिसनने खूप लांबून गोलकीपरच्या डोक्यावरून मारलेला गोल कोणी पाहिला की नाही?

---

तोफेचा गोळा

पाहिला. सुंदर होता. ३-१ झालं त्याने.

---

लिलीव्हाइट ठाणेकर

चिडवा. हक्काचं आहे. एझेचा करार नेमका कोणत्या साली संपतो तेवढं मात्र इथे लिहून ठेवा. शेवटचं वर्ष लागलं की पुढचा धागा आमचा.